बंद करायला आलेली माणसं

सुवर्णा चक्रनारायण एल्डर व्हॅलीत पहिल्यांदा गाडीतून उतरली तेव्हा चर्चच्या पायरीवर एक उंच म्हातारा बसला होता. तो उठला नाही. टोपीला नुसतं बोट लावून त्याने तिच्या नवऱ्याला विचारलं, "तुमचं आधीचं चर्च किती दिवस चाललं?"

प्रल्हादने हसून हात पुढे केला. "मी प्रल्हाद, नवा पास्टर. ही माझी बायको, आणि ही आमची नेत्रा."

"मी अर्ल नूडसन. मी काहीतरी विचारलं."

"ते चर्च शेजारच्या चर्चमध्ये विलीन झालं."

"म्हणजे बंद झालं," अर्ल म्हणाला. मग त्याने खिशातून किल्ली काढून दार उघडलं, बाकं, ऑर्गन, घंटेचा दोर असं सगळं न बोलता दाखवलं, दार परत लावलं आणि किल्ली पुन्हा स्वतःच्या खिशात टाकली.

ही २००३ सालच्या जुलैमधली गोष्ट. अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यूहून डोंगराच्या दिशेने तासाभरापेक्षा जास्त गाडी हाणली की ही दरी लागते. एक नदी, दोन्ही काठांना गाईंचे गोठे, एक शाळा, एक पेट्रोल पंप आणि हे पांढरं लाकडी चर्च. चर्चला लागूनच पास्टरचं घर. त्या घराची किल्ली मात्र अर्लने दिली होती.

"बघितलंत?" घरात शिरल्याशिरल्या सुवर्णा म्हणाली. "चर्चची किल्ली पास्टरला नाही. आपण काय चोर आहोत?"

"नवीन आहोत अजून. देईल," प्रल्हाद म्हणाला.

सुवर्णा मूळची नगर जिल्ह्यातली, शेवगावच्या बाजूची. तिची आई गावोगाव फिरून बायकांना येशूची सुवार्ता सांगायची. शाळेला सुट्टी लागली की सुवर्णाही तिच्याबरोबर जायची. काही घरांत त्यांना ओट्यावर बसवत, काही ठिकाणी अंगणातूनच परत पाठवत. "कशाला आलीस? काय पाहिजे तुला?" हे आईला रोज ऐकावं लागे. "काही नको, बोलायला आलेय," असं आई सांगायची, आणि बहुतेकांना ते खोटं वाटायचं. तरी ती पुढच्या आठवड्यात परत जायची. कुणाच्या बाळंतपणात, कुणाच्या आजारपणात हजर असायची. वर्ष-दीड वर्षाने त्याच बायका तिला आत बोलवायच्या. त्यातल्या कितीजणींनी बाप्तिस्मा घेतला हे सोडा, पण ही बाई खोटं बोलत नाही एवढं त्यांना पटलेलं असायचं. सुवर्णाच्या मनात तेच पक्कं बसलं होतं. आपण खरे असलो की माणसाचा संशय जातो, वेळ लागतो इतकंच.

प्रल्हाद पाळकाचाच मुलगा. धर्मशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी २००१च्या ऑगस्टमध्ये तो बायको-मुलीला घेऊन सिअ‍ॅटलजवळ आला. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कचे मनोरे पडले आणि सगळं बदललं. दुकानात लोक टक लावून बघायला लागले. प्रल्हादने दाढी काढून टाकली ती परत कधी ठेवली नाही. शिकता शिकता त्याला शहरातल्या एका चर्चच्या म्हाताऱ्या होत चाललेल्या मंडळीचं काम मिळालं. वर्ष-दीड वर्षात ती मंडळी संपली, आणि बिशपच्या ऑफिसातून त्याची नेमणूक इथे, या दरीत झाली. धार्मिक कामाचा व्हिसा होता, ग्रीन कार्डचा अर्ज घातलेला होता. मिळालं ते काम हसत घ्यायचं असे ते दिवस होते.

पहिल्या रविवारी उपासनेला जेमतेम तीन बाकं भरली. सगळे मागच्या बाजूला. पुढची बाकं रिकामी ठेवून लोक भिंतीला टेकून बसले होते, आणि अर्ल तर दाराजवळ उभाच होता.

सुवर्णाने सोमवारपासून आईचं काम सुरू केलं. एकेक घर घ्यायचं, दार वाजवायचं, नाव सांगायचं. नेत्रा तेव्हा अकरा वर्षांची होती, तिला बरोबर न्यायची. नेत्रा गाडीतून उतरायला तयार नसायची. "मॉम, दे डोन्ट वॉन्ट अस," ती म्हणायची. सुवर्णा मराठीतच उत्तर द्यायची, "आपल्याला ते हवेत ना? मग चल."

लोक वाईट वागत नसत. जाळीचं दार अर्धवट उघडून उभे राहत, तब्येत विचारली की "फाइन" म्हणत. मग हमखास प्रश्न यायचा, "तुम्ही किती वर्षं राहणार आहात?" कुणी जरा स्पष्ट विचारे, "तुम्हाला इथे पाठवलं कुणी? काय करायला?"

"सेवा करायला," सुवर्णा सांगायची.

समोरचा माणूस मान हलवायचा आणि दार लावून घ्यायचा.

त्या नाताळात तिने ताटभर करंज्या केल्या आणि घरोघर दिल्या. हॅरिएट डेकर म्हणून एक विधवा बाई होती, तिशीपासून चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. तिने करंजी हातात घेऊन उलटसुलट बघितली, आत जाऊन सुरी आणली आणि सुवर्णाच्या समोर मधोमध कापली.

"खोबरं आहे," सुवर्णा म्हणाली.

"दिसतंय," हॅरिएट म्हणाली, आणि दोन्ही अर्ध्या खाऊन टाकल्या.

हे सगळं आपल्या रंगामुळे आहे, असं सुवर्णाने ठरवून टाकलं होतं. त्याला कारणही होतं. आधीच्या दिवाळीत ती बेलव्ह्यूला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेली होती. मराठी ऐकायला जीव आसुसलेला असायचा. तिथे विनीता नावाच्या, पुण्याहून आलेल्या एका बाईने तिची प्रेमाने चौकशी केली, नंबर घेतला. नवरा काय करतो कळल्यावर मात्र तिचा चेहरा बदलला. जेवणं झाल्यावर तिने सुवर्णाला कोपऱ्यात घेतलं. "हे बघा सुवर्णाताई, राग मानू नका. तुम्ही या, फराळ करा, सगळं करा. फक्त इथे मुलांना पुस्तकं वगैरे काही वाटू नका हं."

सुवर्णाच्या पर्समध्ये तेव्हा रुमाल आणि गाडीची किल्ली याशिवाय काही नव्हतं. ती "नाही वाटत" एवढंच म्हणाली. परत येताना तिने प्रल्हादला सांगितलं, "तिकडे आपण ख्रिस्ती म्हणून नको, इकडे आपण काळे म्हणून नको." अर्ल नूडसनला ती विनीताच्याच मापाने मोजत होती.

पुढच्या नोव्हेंबरात नदीला पूर आला. डेकरबाईंच्या घरात पाणी शिरलं आणि त्या महिनाभर पास्टरच्या घरी, नेत्राच्या खोलीत राहिल्या. नेत्रा त्यांच्याकडून ऑर्गन शिकली. त्या दिवसांत सुवर्णा रबरी बूट घालून लोकांच्या गोठ्यांतला गाळ काढत होती आणि प्रल्हाद ट्रॅक्टरच्या मागे बसून गवताच्या गासड्या पोचवत होता. नाताळला चर्चची सगळी बाकं भरली. मुलं परत यायला लागली, रविवारची शाळा सुरू झाली, सुवर्णा ती घ्यायची. दोन मोठ्या माणसांनी बाप्तिस्मा घेतला, त्यातला एक अर्लचा पुतण्या होता.

अर्ल आता रविवारी दाराजवळ उभा राहत नसे, शेवटच्या बाकावर बसे. उपासनेनंतर तो सुवर्णाच्या हातची कॉफी घ्यायचा. एकदा त्याने कप ठेवला आणि विचारलं, "मला खरं सांगशील? तुम्हाला हे बंद करायला पाठवलंय का?"

"म्हणजे?"

"खालच्या दोन दऱ्यांत आमची चर्चेस होती. आधी एक चांगला माणूस पाठवतात. एके ठिकाणी कोरियातला होता, फार चांगला. लोक खूश. मग एक दिवस मीटिंग होते, सगळे रडतात, आणि दाराला कुलूप. जमीन आणि इमारत आमची नसते ना, वरच्या ऑफिसची असते. तुझा नवरा चांगला माणूस आहे. म्हणून विचारतो."

सुवर्णाला एकदम उलगडलं की दीड वर्ष लोक कशाचा संशय घेत होते. तिला हसूही आलं आणि रडूही. तिने अर्लचा हात धरला. "अर्ल, देवाशपथ सांगते. आम्ही बंद करायला आलेलो नाही. बंद करायचं असतं तर मी तुझ्या गोठ्यातला गाळ काढला असता?"

अर्लने कप परत उचलून उरलेली कॉफी संपवली. पुढच्या रविवारी त्याने चर्चची किल्ली आणून तिच्या हातात दिली. प्रल्हादच्या नाही, तिच्या.

ती किल्ली तिने घरी प्रल्हादला दाखवली तेव्हा तो खूश होईल असं तिला वाटलं होतं. त्याने ती टेबलावर ठेवली. "कशी काय दिली?"

"मी शपथ घेऊन सांगितलं त्याला, की आपण बंद करायला आलो नाही."

"शपथ कशाला घ्यायची?" प्रल्हाद म्हणाला आणि उठून अंगणात गेला.

तिथून सुवर्णाच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. मग तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. ऑफिसचा फोन आला की प्रल्हाद मोबाइल घेऊन गाडीत जाऊन बसायचा आणि काचा वर करायचा. एप्रिलमध्ये टाय लावलेले दोघे जण आले, चर्चभोवती फिरले, नदीकडच्या कुंपणापर्यंत चालत गेले. "छप्पर बघायला आले होते," प्रल्हाद म्हणाला. छप्पर बघणाऱ्यांनी वर एकदाही बघितलं नव्हतं. ते तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. चर्चला नवीन रंग द्यायचा विषय निघाला की प्रल्हाद तो पुढच्या वर्षावर ढकलायचा. रात्री तो नीट झोपत नव्हता. एक-दोनदा तिच्या मनात आलं, दुसरी कुणी बाई तर नाही? मग तिची तिलाच लाज वाटली.

तिने सरळ विचारलंही. "अहो, काही लपवताय का माझ्यापासून?"

"ग्रीन कार्डचं टेन्शन आहे गं," तो म्हणाला. तेही खोटं नव्हतं.

जूनमध्ये सगळ्या पाळकांचं वार्षिक संमेलन होतं, कुटुंबासकट. जेवणाच्या रांगेत एका वयस्क पास्टरची बायको सुवर्णाच्या शेजारी उभी होती. बोलकी, मायाळू बाई. कुठे असता विचारल्यावर सुवर्णाने दरीचं नाव सांगितलं. तशी त्या बाईने तिच्या दंडावर हात ठेवला. "बिचारी. दुसऱ्यांदा ना तुमची ही वेळ? पण तुझ्या नवऱ्याला ते काम फार सुंदर जमतं असं सगळे म्हणतात. शहरातलं ते चर्च त्याने इतकं हळुवार बंद केलं, एक तक्रार आली नाही. म्हणून तर तिथे त्यालाच पाठवलं."

सुवर्णाच्या हातात रिकामी प्लेट होती. ती तिने परत चवडीवर ठेवली आणि बाहेर जाऊन गाडीपाशी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी नेत्रा शाळेत गेल्यावर तिने विचारलं. प्रल्हाद चहा घेत होता.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

त्याने नाही म्हटलं नाही. "तीन वर्षं दिली होती. मंडळी वाढली तर बघू, असंही म्हणाले होते. आणि वाढली की. तुझ्यामुळेच वाढली. मला खरंच वाटलं, ते मन बदलतील."

"आणि बदललं?"

"नाही. पुढच्या जूनमध्ये बंद."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू दारोदार गेली असतीस?"

या प्रश्नावर सुवर्णा खुर्चीवर बसली. "म्हणजे माझं खरं बोलणं तुम्ही वापरलंत. माझ्या तोंडून ते खरं वाटावं म्हणून मला अंधारात ठेवलंत."

"सुवर्णा, मी नाही म्हटलं असतं तर दुसरं काम नव्हतं. काम नाही तर व्हिसा नाही. नेत्राची शाळा, सगळं उचलून परत... मी काय करायला पाहिजे होतं?"

"मला सांगायला पाहिजे होतं. मग आपण दोघं मिळून खोटं बोललो असतो, किंवा दोघं मिळून घरी गेलो असतो."

प्रल्हाद रडायला लागला. तो वाईट माणूस नव्हता, हे तिला तेव्हाही कळत होतं. त्याला माणसं दुखावायची नसायची, म्हणूनच तर त्याला निवडलं होतं. तिने त्याच्यासमोरचा कप उचलला, धुवून ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली.

अर्ल दूध काढायच्या शेडमध्ये होता. यंत्रांचा आवाज चालू होता, गाई ओळीत उभ्या होत्या. सुवर्णाला मोठ्याने बोलावं लागलं. "अर्ल, मी तुला खोटं सांगितलं. मला माहीत नव्हतं, पण ते खोटं होतं. पुढच्या जूनमध्ये चर्च बंद होणार आहे."

अर्लने मान वर केली नाही. एका गाईच्या आचळांना लावलेले पाइप काढले, दुसरीला लावले. मग म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला माहीत होतं?"

"होतं."

"मला वाटलंच होतं. तू सांगितलंस तेव्हा मी ते मनातून काढून टाकलं." त्याने हात पुसले. "तू इतकी चांगली निघालीस म्हणून. तू जरा कमी चांगली असतीस तर आम्ही वर्षभर आधीच भांडायला उभे राहिलो असतो."

हे ऐकून सुवर्णाला जे वाटलं ते तिने पुढे कुणालाही नीट सांगितलं नाही. तिने पर्समधून चर्चची किल्ली काढून त्याच्यासमोर धरली. अर्लने ती घेतली.

त्या रविवारी प्रल्हादने प्रवचनाऐवजी सगळं सांगितलं. सुवर्णाने त्याला तसं करायला लावलं हे खरं, पण उभा तोच राहिला. तीन वर्षांची मुदत, टायवाले लोक, विकायला काढलेली नदीकाठची जमीन, काहीही झाकलं नाही. मध्येच हॅरिएट उठली आणि ऑर्गनचं झाकण लावून निघून गेली. आणखी काही कुटुंबं तिच्या मागे गेली, आणि त्यांतली बरीच परत आली नाहीत. एक बाई जाता जाता सुवर्णाला म्हणाली, "आमच्या स्वयंपाकघरात बसून गेलीस तू."

पण जे राहिले त्यांच्या हातात आता वर्ष होतं. ते बिशपच्या ऑफिसात गेले, बोलले, एकदा तर दोन गाड्या भरून गेले. बिशपच्या माणसांनी कॉफी दिली, ऐकून घेतलं, आणि निर्णय बदलला नाही. २००६च्या जूनमध्ये शेवटची उपासना झाली. हॅरिएट त्या दिवशी आली, ऑर्गन वाजवला आणि नेत्राला शेजारी बसवून घेतलं. सुवर्णाशी मात्र ती बोलली नाही.

प्रल्हादला पुढची मंडळी मिळाली नाही. हळुवार बंद करणाऱ्या माणसाने गाजावाजा केला होता, ते ऑफिसला आवडलं नव्हतं. पण ग्रीन कार्ड तेवढ्यात आलं होतं, आणि त्याला एका इस्पितळात रुग्णांसाठी प्रार्थना करायचं, त्यांच्याजवळ बसायचं काम मिळालं. चक्रनारायण कुटुंब बेलव्ह्यूच्या एका अपार्टमेंटमध्ये राहायला आलं. सुवर्णा शाळेच्या कॅंटीनमध्ये नोकरी करू लागली. नवरा-बायकोत वरवर सगळं ठीक होतं. तो काही सांगायला लागला की ती ऐकायची, आणि मग एखादा साधा प्रश्न विचारायची, "कोण म्हणालं?" "कधी म्हणालं?" तो उत्तर द्यायचा. कधी चिडला नाही. आपल्याला आता कायम उत्तरं द्यावी लागणार हे त्याने मान्य केल्यासारखं होतं.

तीन-चार महिन्यांनी अर्लचा फोन आला. उरलेली मंडळी हॅरिएटच्या घरी रविवारी जमत होती. "पास्टर नको आहे," तो म्हणाला. "पण वाचायला कुणीतरी पाहिजे. आमच्यातल्या कुणाला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्म्यानेही नीट दिसत नाही."

"हॅरिएटला चालेल?"

"तिनेच नंबर शोधून दिला. पण तुझ्यावर विश्वास ठेवलाय असं समजू नकोस. वाचायला बोलावतोय."

सुवर्णा जायला लागली. दर रविवारी एकटी गाडी काढायची. ही बातमी महाराष्ट्र मंडळात पोचली तेव्हा विनीताने तिला दुकानात गाठलं. "तुम्ही दर रविवारी खेड्यात जाता म्हणे लोकांना कन्व्हर्ट करायला?"

"अहो, ते आधीपासूनच ख्रिस्ती आहेत," सुवर्णा म्हणाली. "म्हातारे आहेत. मी वाचून दाखवते."

विनीताला ते काही पटलं नाही. "बरं," असं म्हणून तिने कोथिंबीर पिशवीत टाकली. सुवर्णाने पुढे काही समजावलं नाही. माणसाला पटवायचा तिचा पहिल्यासारखा हट्ट उरला नव्हता.

हॅरिएटच्या घरी ती वाचायची, मग प्रार्थना व्हायची, मग कॉफी. कुणी बिशपच्या ऑफिसच्या नव्या निर्णयाचा विषय काढला की सगळे एकदम सुवर्णाकडे बघायचे, हिला यातलं काही आधीच माहीत होतं का, अशा नजरेने. ती "मला आत्ताच कळतंय" म्हणायची आणि ते मान्य करायचे, पण बघायचे मात्र नक्की.

२००८च्या वसंतात हॅरिएटचं मुलीकडे स्पोकॅनला जायचं ठरलं. जमणाऱ्यांपैकी दोघे जण वारले होते, एकाला चालता येत नव्हतं. त्या रविवारी हॅरिएटने कॉफीच्या आधीच विषय काढला. "मी गेल्यावर दुसऱ्या घरी जमायचं, की थांबायचं? आता प्रत्येकाने बोलायचं. सुवर्णा, तू पण."

प्रत्येक जण बोलला. अर्ल म्हणाला, "थांबू या. या वेळी आपण थांबतोय, आपल्याला कुणी थांबवत नाहीये." सुवर्णा म्हणाली, तिला वाईट वाटेल, पण थांबावं हे बरोबर आहे. हात वर झाले, एकही खाली राहिला नाही. कुणी रडलं नाही. हॅरिएटने केक कापला.

अर्ल तिला गाडीपर्यंत सोडायला आला. नदीकडून गार वारा येत होता आणि कुठेतरी गोठ्यात वासरू ओरडत होतं.

"पुढच्या रविवारी काय करशील?" त्याने विचारलं.

सुवर्णाने विचार केला. "झोपेन," ती म्हणाली.

अर्लने तिच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "खरं सांगतेस?"

"खरं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तो मोठ्याने हसला.